नळी नको

९ मे, गुरुवार

पाणी अजून चहासारखंच! पुलावरून शाळेची बस नेताना रोज वाकून बघते. मागून पोरं ओरडतात, "मिस ट्विला, रस्ता समोर आहे!"

पंचवीस तारखेला एक-आमिषाची फेरी. पुलापासून जुन्या गिरणीपर्यंत होड्या सोडायच्या आणि सकाळी जे एक आमिष दोराला बांधलं त्यावरच दिवस काढायचा. दगडात अडकून तुटलं की खेळ खलास. मग उरलेला दिवस वल्हं मारा आणि टोमणे खा. काय बांधणार ते आधी कुणाला सांगायचं नाही, नवराबायकोसुद्धा सांगत नाहीत. आमच्या नदीचा तळ म्हणजे नुसते धोंडे आणि कपाऱ्या. हा नियम ज्याने काढला त्याला धरून बुडवला पाहिजे.

इतकी वर्षं पुढे डॅडी बसायचे, मागे वल्हं घेऊन मी. यंदा पुढे मी. डॅडी खिडकीशी पलंगावर. मार्चमधल्या अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात ठेवला तिथेच राहतो. शब्द उरलेत चार-पाच. त्यात दोन शिव्या, त्या मात्र स्वच्छ येतात! मला रूबी म्हणतात. रूबी माझी आई.

१० मे, शुक्रवार

गिळायला शिकवणारी जनेल आली होती. घट्ट केलेल्या पाण्याचा एक चमचा दिला आणि डॅडी जांभळे पडेपर्यंत खोकले. "छातीत उतरतंय," ती म्हणाली. मी विचारलं, मक्याचा पाव ताकात कुस्करून दिला तर? जन्मभर रात्रीचं तेच जेवण त्यांचं. "ते तर अजिबात नाही, मिस ट्विला. जिवाशी खेळ आहे."

मग पलंगाशी उभी राहूनच, मोठ्या आवाजात, जणू डॅडी तिथे नाहीतच अशी बोलायला लागली. वजन उतरतंय. डॉक्टरांचं म्हणणं, पोटाला बारीक भोक पाडून (बेंबीच्या वर बोट टेकवून दाखवलं) तिथूनच अन्न द्यावं. पुढे कायमचं. त्या वस्तूचं नावही तिने घेतलं, दहादा घेतलं. मी ते इथे लिहिणार नाही. लिहिलं की घरात आलं.

"त्यांना काय हवं असतं? कधी बोलले होते?"

डॅडी? डॅडी आयुष्यभर माशांबद्दल बोलले. बाकी सगळं आम्ही ओळखायचं.

मेमोरियल डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, अठ्ठावीसला, डॉक्टरांना उत्तर द्यायचंय. मी द्यायचंय! सही माझी.

११ मे, शनिवार

बसवत नव्हतं. म्हणून आमिषांचा डबा डॅडींच्या पांघरुणावर उपडा केला. ते बघतात, मी बोलते. पाणी गढूळ असलं तर भिंगरी – तिचं पातं फिरतं, चमकतं, न दिसणाऱ्यालाही जाणवतं. पाणी निवळलं तर लाकडी मासोळी, झटके देत ओढायची. आणि तळाला धोंडे असले तर नळी. बोटाएवढी पोकळ रबरी नळी, खाली झिरमिळ्या, शेवाळी रंगाची. धोंड्यांवरून टुणटुण नेली की हुबेहूब नदीतला झिंगा पळतोय असं वाटतं. मे महिन्यात आमचा तांबडपाठ्या बास मासा झिंग्यांवर तुटून पडतो. डॅडींनी दरवर्षी नळीच बांधली. गुपित-बिपित काही नाही, सगळ्या नदीला ठाऊक. तरी जिंकायचे!

मी नळी हातात घेतली तेव्हा डॅडी म्हणाले, "नळी."

झटक्यानंतर पहिला नवा शब्द! मी टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या. "नळीच ना? नळीच बांधते!"

"नळी… नको."

"नको? तुम्ही म्हणताय हे?"

"नळी नको!" आणि डाव्या हाताने डबा उडवला. गळ गालिच्यात रुतले. तासभर गुडघ्यांवर रांगत वेचत होते.

१२ मे, रविवार

चर्चमध्ये बायका विचारत होत्या, काही सुधारणा? मी सांगितलं, हो, नळी नको म्हणाले. बायकांनी पुरुषांकडे पाहिलं. बाहेर पडेपर्यंत लॉनी धावत आला. लॉनी डॅडींचा जुना दोस्त, नदीवर त्यांचा वैरी. "होबर्ट नळी नको म्हणाला? त्याला काहीतरी दिसलंय, पोरी. म्हातारा पडल्या पडल्या नदी वाचतोय!"

आता निम्मं गाव नळी सोडणार. मी नियम मोडला आणि तोही देवाच्या दारात!

१३ मे, सोमवार

ओहायोहून ड्वाइटचा फोन. "यात विचार करण्यासारखं काय आहे? बापाला उपाशी मारणार आहेस का?" सख्खा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं. नंतर एकटीच भांडीवाल्या मोरीशी भांडले.

१५ मे, बुधवार

बस लावून सरळ नदीवर. डॅडींचं ऐकलं, भिंगरी बांधली. पाणी गुडघ्यापर्यंत दिसायला लागलंय. एक छोटा बास मागे मागे आला, बघितलं, परत गेला. स्वच्छ पाण्यात भिंगरी म्हणजे लग्नात बँड – सगळ्यांना कळतं, जेवायला कुणी येत नाही. मासोळीवर दोन आले, वीतभर.

घरी येऊन सांगितलं, "नळी नाही लावली हं, डॅडी." वाटलं खूश होतील. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मग करू तरी काय!

१८ मे, शनिवार

सकाळी उथळात एका नर बासचं घरटं दिसलं. ताटाएवढा खडीचा स्वच्छ गोल, वर तो पहारा देत उभा. त्याच्यासमोर काहीही टाका, तुटून पडतो. भुकेने नाही, त्या दिवसांत तो खातच नाही. डॅडींचा कायदा – घरट्यावरच्या माशाला गळ दाखवायचा नाही. लहानपणी मी एकदा ब्रेडचा तुकडा टाकायला गेले होते, बिचारा उपाशी म्हणून. हात धरून म्हणाले, "दया करायची तर लांबून जा, ट्विला."

आज मला ट्विला म्हणतील तर बरं होईल. काय वाटेल ते देईन.

दुपारी पुन्हा डबा घेऊन बसले. एकेक दाखवलं. पाण्यावर बुडबुडे काढणारा बेडूक? गप्प. मासोळी? गप्प. भिंगरी? शिवी. "मग हवंय काय?" मी ओरडले. खरंच ओरडले. ते रडले. रबराच्या तुकड्यांवरून आम्ही दोघं रडतोय!

२१ मे, मंगळवार

वजन आणखी उतरलं. गालांत खड्डे. आज एक चमचासुद्धा घेतला नाही.

२३ मे, गुरुवार

ठरलं. मंगळवारी 'हो' म्हणणार. ड्वाइट म्हणतो तेच बरोबर असेल. डॅडींनी काही सांगितलंच नाही, तर मी कशाच्या जोरावर 'नाही' म्हणू? जनेलला कळवलं. ती म्हणाली, "बरं केलंत, आता झोप लागेल." लागली नाही.

२५ मे, शनिवार

फेरी!

पाणी हिरवं काचेसारखं. काठावर सगळे पाठमोरे बसून आपापलं आमिष बांधत होते, चोरासारखे. लॉनी माझ्या मागे वल्ह्याला बसला. दोस्ताच्या पोरीसाठी यंदा गळच टाकणार नाही म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला काही दाखवलं नाही.

मी नळी बांधली. हो, बांधली! पंधरवडा विचार केला, सगळी आमिषं पाण्यात घालून पाहिली. नदी नळीच मागत होती. गळाचं टोक रबरात लपवलं, म्हणजे धोंड्यांत अडकायचं नाही.

लॉनीने पाहिलं. "होबर्टने नको सांगितलेली?"

"होबर्ट पलंगावर आहे. होडीत मी आहे."

"बापावर गेलीस," म्हणाला आणि थुंकला. हा त्याचा आशीर्वाद.

दुपारपर्यंत चार जणांची आमिषं तुटली होती. माझी नळी दोनदा अडकली, दोन्हीदा दोर सैल सोडून सोडवली, डॅडी सोडवायचे तशी. गिरणीच्या अलीकडे, मोठ्या धोंड्याच्या सावलीत, ती तळाला टेकली आणि दोर आडवा चालायला लागला. मग तांबडपाठ्या उडाला – अख्खा, पाण्याबाहेर, मान झाडत! लॉनी देवाचं नाव घेत होता की शिव्या देत होता, कळलं नाही. हातभर मासा. मोजला, सोडला. यंदाचा सगळ्यांत मोठा.

घरी आले तर डॅडी झोपलेले. चावून फाटलेली नळी त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवलीय. उद्या रागावले तर रागावू देत.

२६ मे, रविवार

उठल्यावर नळी त्यांच्या डाव्या हातात दिली. "तुमचं ऐकलं नाही. हातभर मिळाला." दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि हसले! मोठ्याने!

मग ती माझ्या मुठीत कोंबली, माझी मूठ धरून ओढली आणि सदऱ्याखाली पोटावर दाबली. बेंबीच्या वर, जनेलने बोटाने जागा दाखवली होती तिथे.

"नळी नको… ट्विला."

जनेलने त्या दिवशी दहादा घेतलेला शब्द हाच. पोटात घालायची नळी. मी तो लिहिला नाही आणि ऐकलाही नाही. मला नदीच ऐकू आली.

तीनदा विचारलं, पोटातली नळी नको ना? तीनदा 'हो' म्हणाले, तिसऱ्यांदा शिवी घालून.

मक्याचा पाव ओव्हनमध्ये आहे. ताक काढून ठेवलंय. ड्वाइटला मग सांगते.