गुरुजी, तुम्ही मतदानाला आला नाहीत

गुरुजी, तुम्ही माझ्या आईला निवडणुकीला उभं केलंत आणि मतदानाला आला नाहीत. हे वाक्य मी आधी दोनदा वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं, त्यात काही जास्तीचं तर होत नाही ना म्हणून. होत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता नेकनूरला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज लिहून देतो. माझ्या अर्जात खाडाखोड नसते, ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, आणि लोक विचारतात, शिक्षण किती? मी नववी सांगतो. त्यांना खरं वाटत नाही. मग कुणी शिकवलं असं विचारतात, तेव्हा मी तुमचं नाव सांगत नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता आणि पोळ्याला बैल धुवायलाही पाणी नव्हतं. लोकांनी ओल्या फडक्यानं बैल पुसले आणि झूल घातली. वस्तीवर टँकर दोन दिवसांआड. आमच्या दोन गायी होत्या. तुम्हाला आमचं सगळं माहीत होतं, तरी लिहितो, कारण तुम्ही ते विसरल्यासारखं वागलात. अण्णा दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला एकटेच जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम त्यांना सगळ्यांसमोर म्हणायचा, "आला बघा अर्धा कोयता. बायकोला काय देव्हाऱ्यात बसिवलंय का बे?" अण्णा हसून घ्यायचे. आई गायींपाशी राहायची, आणि आई घरी होती म्हणून मी शाळेत होतो. या तिन्ही गोष्टी एकीला एक बांधलेल्या होत्या. गावच्या दूध संस्थेचा टेम्पो सकाळी वस्तीवर येऊन दूध घेऊन जायचा, त्यावर सगळं चालायचं. आणि संस्थेच्या चेअरमननं सांगून टाकलं होतं की संस्थेची निवडणूक झाली की वस्तीचा टेम्पो बंद. दुष्काळात एवढ्याशा दुधासाठी परवडत नाही.

मला अजून दिसतं, तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आहात. आई भाकरी थापते आहे. तुम्ही म्हणता, "पोरी, महिलांच्या जागेवर तू उभी राहा." आई वळूनही बघत नाही. "मी? गुरुजी, माझी सही बघितल्याव सायबाला वाटंल कोंबडी चालून गेली."

"चौथीला माझ्याकडं होतीस तेव्हा चांगली येत होती."

"चेरमनच्या भावजयीपुढं मी काहून उभी राहू? लोक हसतील की."

"हसू दे. टेम्पो बंद झाल्यावर रडण्यापेक्षा बरं. आणि मी आहे ना."

मी आहे ना. चुलीपाशी बसून मी ते ऐकलं. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मग कागद तुमीच लिव्हा." तुम्ही तिथंच गुडघ्यावर पाट ठेवून तिचा उमेदवारी अर्ज लिहिलात. मी शेजारून वाचत होतो. 'दुग्धोत्पादक' हा शब्द तुम्ही इतका सुबक लिहिला होतात की मी तो नंतर वहीत गिरवला. पुढचे पंधरा दिवस आई डोक्यावर पदर घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक घरी म्हणायची, गुरुजी आपल्या बाजूला हायेत. लोक तुमच्याकडं बघून हो म्हणायचे.

मतदान शाळेत होतं, चार वाजेपर्यंत. अडीचनंतर दोन्हीकडचे लोक यादीवर खुणा करून बसले होते, कोण आलं, कोण राहिलं. आपल्या बाजूचं एकच नाव राहिलं होतं, संस्थेचे जुने सभासद म्हणून तुमचं. चेअरमनचा एक माणूस फाटकापाशी पान खात उभा होता, तो मला म्हणाला, "काय रे, तुमचे गुरुजी कुठं हायेत? मुहूर्त काढाय गेलेत का पंचांग घिऊन?" सगळे हसले. आईनं मला तुमच्याकडं पाठवलं.

तुम्ही पडवीत खुर्चीवर बसला होतात. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. मला वाटलं निघालाच आहात. तुम्ही माझ्याकडं न बघता बोललात, "चेअरमनही माझाच विद्यार्थी आहे. सकाळी येऊन पाया पडून गेला. तुझी आईही माझीच. मी कुणाच्या विरोधात शिक्का मारू? मी कुणाच्याच बाजूचा नाही. जा, सांग, मी येत नाही." मी म्हणालो, गुरुजी, तुम्हीच तर तिला उभं केलंत. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि गप्प झालात. वर्गात उत्तर चुकलं की तुम्ही असेच गप्प व्हायचात, पोरानं आपण होऊन खाली बसावं म्हणून. मीही तसाच परत फिरलो.

शाळेच्या फाटकात आई उभी होती. मी म्हणालो, गुरुजींना ताप आहे.

पुढचं तुम्ही ऐकलंच असेल. बाकीच्या जागा निम्म्या-निम्म्या गेल्या आणि संस्था कुणाची हे आईच्या जागेवर येऊन ठेपलं. आईला आणि चेअरमनच्या भावजयीला सारखीच मतं पडली. अधिकाऱ्यानं दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि एक काढली. आईची नव्हती. आई घरी आली आणि पहिलं काम काय केलं, तर कण्यांची पेज शिजवली. तुमच्यासाठी. चार दिवस ती पेज घेऊन तुमच्याकडं आली. तुम्ही ती प्यालात, गुरुजी. भांडं धुऊन परत दिलंत. आई येऊन सांगायची, "ताप गेलाय, पर तोंड लईच बारीक झालंय त्यांचं." मी तेव्हा घर सोडून गोठ्यात जाऊन उभा राहायचो. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, निदान चौथ्या दिवशी तरी तुम्ही तिला सांगायला हवं होतं.

टेम्पो दिवाळीच्या आधी बंद झाला. आई कॅन डोक्यावर घेऊन पाऊण तास चालत गावात दूध घालायला जायची. ऊन तापू लागलं तसं दूध नासायचं आणि परत यायचं. गावातल्यांना संस्थेचा चारा मिळाला, वस्तीचं नाव यादीत नव्हतं. होळीपर्यंत दोन्ही गायी बाजारात गेल्या. आणि पुढच्या दसऱ्याला अण्णा पूर्ण कोयता झाले. मला दहावीची पुस्तकं आणून तीन महिने झाले होते. ट्रॅक्टर निघताना तुम्ही काठी टेकत आलात आणि माझ्या हातात एक वही दिलीत. म्हणालात, "शुद्धलेखन सोडू नकोस." मी सोडलं नाही. फडात मोळ्या बांधून झाल्यावर कोपीत, आमच्या त्या झोपडीत, बसून लिहायचो, उसाच्या पाचटानं हात कापलेले असायचे. पण रोज पहिली ओळ लिहिताना मनात एकच यायचं, की ज्या माणसाला एक शिक्का मारायला चार पावलं चालवलं नाही, त्याचं मी का ऐकतोय.

परवा संस्थेची निवडणूक झाली. आई सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभी राहिली. गुडघे धरतात तिचे, तरी खुर्ची नको म्हणाली. आमच्या मागं उभ्या असलेल्या बाईला सांगत होती, "आमचे गुरुजी असते तर मी यायच्या आदी आले असते. त्या येळंला ताप आडवा आला बिचाऱ्यांना." मी तिच्या शेजारी उभा होतो. रांग हलली तसा पुढं सरकलो. म्हणून आज दुकान बंद झाल्यावर हे लिहायला बसलो. कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे पत्ताही लिहिलेला नाही.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, मी गाळली. ताप आहे म्हटल्यावर आईनं चप्पल घातली होती. "मी जाते, हाताला धरून आणते, दोन मिंटाचं काम हाय," म्हणाली. तेव्हा सव्वातीन वाजले होते. ती तुमच्या पडवीत येऊन उभी राहिली असती तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही धुतलेल्या सदऱ्यात बसलेले तिला दिसाल आणि ती तुमच्यापुढं हात जोडेल, हे मला बघवलं नसतं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, जाऊ नको, औषध घेऊन झोपलेत. ती थांबली. चार वाजता फाटक बंद झालं, तोपर्यंत मी तिचा हात सोडला नव्हता.