कमावलेला आवाज

२८ जुलै
ठरलं. सप्टेंबरात आमच्या गाण्याच्या बाईंची सत्तरी, खाली नामवन शहरातल्या हॉलमध्ये कार्यक्रम, आणि सुरुवातीचा तुकडा मी गाणार. बाईंनी सगळ्या शिष्यांसमोर सांगितलं. ह्योसनताईचं तोंड बघण्यासारखं झालं. ही ताई पोस्टात काउंटरला बसते, सुट्टी टाकून डोंगरावर पान्सोरी, म्हणजे ढोलाच्या तालावर गोष्ट गायचं आपलं जुनं कोरियन गाणं, शिकायला आलीय. गाते पण काउंटरवर बसल्यासारखीच. पोटावर हात ठेवून श्वास, मग दोन ओळी, मग कोमट पाणी. मी धबधब्यासमोर उभा राहून त्याच्यावर ओरडतो. तो हरेपर्यंत. उद्यापासून दुप्पट.

३ ऑगस्ट, सकाळ
आवाज बसला. शेवटी एकदाचा. जुने गायक रक्त पडेपर्यंत घसा फाडून घ्यायचे, तेव्हा कुठे पान्सोरीला लागणारा तो जाडाभरडा, खरखरीत आवाज यायचा. त्यांना वर्षं लागली, मला आठवडा. याला अंगात असणं म्हणतात.
ताई मला म्हणाली, दोंगोल, हे बसणं वेगळं वाटतंय, दाखवून ये. तिला सांगितलं, तू तिकिटं चिकटव.

८ ऑगस्ट
वरचे सूर येत नाहीत. वर गेलं की नुसती हवा. वरचे सूर तसेही चिमण्यांसाठी असतात. बाईंना सर्दी सांगितली आणि खालच्या पट्टीत उरकलं.

११ ऑगस्ट
दाढ दुखतेय अशी थाप मारून नामवनला गेलो. ताईचं ऐकून नाही, असंच. घशाचा डॉक्टर, आडनाव नाम. माझ्यापेक्षा जेमतेम मोठा, तोंडभर मुरमं. नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली आणि 'ई' म्हण म्हणाला. नाकात नळी असताना ई म्हणून बघा कधी. स्क्रीनवर माझे स्वरतंतू दिसले. पांढरट, ओलसर दोन पट्ट्या. आवाज काढताना दाराच्या झडपांसारख्या मिटायला पाहिजेत. माझ्या दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात तसे ओरडून पडलेत, म्हणाला.
मी खूश. म्हटलं डॉक्टर, काढू नका, कमावलेत.
"मोठ्या गायकांचा आवाज खरखरीत असतो, पण त्यांची झडप मिटते," तो म्हणाला. "तुझी मिटत नाही, मधून हवा गळते. असाच ओरडत राहिलास तर गाणं राहू दे, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करता येणार नाही."
ज्याला स्वतःची मुरमं घालवता येत नाहीत तो माझ्या गाठी घालवणार.
दोन आठवडे मौन सांगितलंय. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो म्हणे. भरपूर पाणी. दारू बंद, सोजूसुद्धा. खाल्ल्या खाल्ल्या आडवं व्हायचं नाही, पोटातलं आंबट घशात येतं. मग आवाजाचे व्यायाम. तरी गाठी राहिल्या तर ऑपरेशन.
सोप्पंय. मनात आणलं तर मी महिनाभर बोलणार नाही.

१२ ऑगस्ट, सकाळ
मौन सुरू. बाईंना फोनवर टाइप करून दाखवलं, साधना चाललीय. बाईंनी नुसतं बघितलं. प्रभावित झाल्या असणार.

१२ ऑगस्ट, दुपार
कुजबुजलो. थोडंच. कुजबुजण्यात आवाज असतो कुठे?

१५ ऑगस्ट
सुट्टी. गावातली पोरं आली, डुकराचं मांस भाजलं. सोजू घेतली. सोजूने जंतू मरतात. खाऊन तिथेच आडवा झालो. मौन कडक पाळलं, गाणी सोडून.

२० ऑगस्ट
कंटाळा. खाली गावात आज्यांनी रस्ताभर लाल मिरच्या वाळत घातल्यात. सरपंच जेवायला गेलेला, ऑफिस उघडं, भोंग्याचा माइक समोर. सरपंचाचा आवाज मला हुबेहूब जमतो. आणि माइकवर ओरडतं ते यंत्र, घशाला त्यात काय काम. सांगितलं, मंडळी, पाऊस येतोय, मिरच्या उचला. आज्या काय पळाल्या. एकीच्या चपला रस्त्यातच राहिल्या. आभाळ निळंशार. मग चढलो वरच्या सुरात, एकेकीचं नाव घ्यायला, आणि आधी चिरकलं, मग फस्स. अख्ख्या खोऱ्यात फस्स.
यंत्र जुनं आहे.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
सरपंच वर आला. बाईंनी त्याला चहा पाजला, माझ्या वतीने वाकून माफी मागितली, वाटेला लावला. मग माझ्याकडे वळल्या. मिरच्यांचं नंतर बघू म्हणाल्या, आधी ते फस्स काय होतं ते सांग. मी यंत्रावर ढकललं.
बाईंनी ढोल पुढ्यात ओढला. "गा."
पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. तिसरीला नुसते ओठ हलले. ताई कोपऱ्यात होती, तिने मान खाली घातली. हसली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट
बाई स्वतः मला नामवनला घेऊन गेल्या. वाटलं होतं, कुठल्यातरी म्हाताऱ्या वैदूकडे नेतील, कडू काढा, सुया. तोच दवाखाना. काउंटरवरची मुलगी बाईंना म्हणाली, आज कशा आलात, आज तुमचा वार नाही. बाई इथे कित्येक वर्षं येतात. आतल्या खोलीत बसतात, ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालतात आणि बुडबुडे काढत सूर लावतात. ज्यांच्या नावाने हॉल भरतो त्या बाई.
मी टाइप केलं: मग ते रक्त पडेपर्यंत ओरडायचं?
"ज्यांचे आवाज राहिले त्यांनी ती गोष्ट सांगितली," बाई म्हणाल्या. "ज्यांचे गेले ते काय सांगणार?"
मग सप्टेंबरात ह्योसन गाईल म्हणाल्या. इतक्या सहज, पाणी गरम आहे म्हणावं तसं. आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.
"फुंक."
फुंकलं. निम्मं पाणी शर्टावर. असला पोरखेळ. महिन्याभरात गाठी गेल्या तर बाईंना बेत बदलावाच लागेल.

१९ सप्टेंबर
गाठी लहान झाल्यात. ऑपरेशन बहुतेक टळलं. गायला काय, मोठ्याने बोलायलाही परवानगी नाही. बाईंनी बेत बदललेला नाही.

२७ सप्टेंबर
कार्यक्रम झाला. माझा तुकडा ताई गायली. चढणीच्या जागी तिला श्वास कमी पडेल अशी मला खात्री होती, मी पुढे सरकून वाट बघत बसलो. पडला नाही. हॉलभर लोक 'ओल्सू' म्हणून दाद द्यायला लागले. माझंही तोंड उघडलं. दाद नव्हती ती, जांभई होती. आवाज काही आला नाही.
शेजारच्या आजीने माझा हात थोपटला. म्हणाली, बाळा, आवडलं ना, मग टाळी वाजव, घसा बसला म्हणून काय झालं.
जांभई होती हे तिला सांगता येईना. वाजवली.