तत्त्वज्ञांचा सूचनाफलक

ती. ताईंना भावजयीचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्यावर तुम्ही त्याच दुपारी गच्चीवर कपडे वाळत घातलेत, ही बातमी इथवर पोचली आहे. इकडे सगळे खुशाल. आणि मला आणखी एक ओळही धीर धरवत नाही म्हणून आधीच सांगून टाकते, शाळा वाचली!

तुमच्या बंधुराजांचं मत तुम्हाला ठाऊकच आहे (ते ऐकवल्याशिवाय हे दूधवाल्यालाही सोडत नाहीत). मूल ऐकून नाही, करून शिकतं. त्याला चुकू द्यावं, मग विचारावं, काय शिकलास. आणि शाळेचे नियम मुलांनीच सभेत मतं देऊन ठरवावेत. एवढ्या भांडवलावर यांनी सात ग्रंथ लिहिले, शाळा काढली आणि मला, सुताराच्या लेकीला, तिथे सुतारकाम शिकवायला नेमलं. ग्रंथांत पानोपानी हातांची थोरवी गायली आहे. पण यांच्या स्वतःच्या हातात लेखणीखेरीज काही टिकलेलं मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. (चष्मा धरतात, पण तो हरवतात.)

तर शाळेच्या समितीच्या मनात आलं की वर्कशॉप म्हणजे नुसता पोरखेळ, ते बंद करून तिथे पाठांतराचे वर्ग भरवावेत. वर्कशॉप गेलं की या शाळेत उरतं काय? निर्णय द्यायला अध्यक्षीणबाई जातीने येणार होत्या (निवृत्त न्यायाधीश, चेहऱ्यावर अजूनही निकाल राखून ठेवलेला). यांनी दीड तासाचं भाषण लिहिलं आणि आदल्या दिवशी मुलांच्या सभेत वाचून दाखवायला गेले. तिथेच माशी शिंकली. पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीने ठराव मांडला, की ज्याने वर्कशॉपमध्ये एकही वस्तू केलेली नाही, त्याने वर्कशॉपवर बोलू नये. ठराव एकतीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर, हे तटस्थ. स्वतःचीच तत्त्वं गळ्याशी आलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी भाषणाऐवजी अंगात एप्रन! शाळेसाठी सूचनाफलक करायचा होता. दोन फळ्या टेबलावर पालथ्या घालायच्या, त्यांवर दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, संपलं. मला तोंड उघडायची बंदी होती (चुकू द्यावं, हे यांचंच ना?). अख्खी समिती बघत असताना यांनी तासभर ठोकाठोक केली, त्यात दोनदा अंगठा ठेचला. मग अध्यक्षीणबाई फलक उचलायला गेल्या, तर तो हलेना. जोर लावला, तर टेबलच सरकलं. यांनी घेतलेले लांबलचक खिळे पट्टीतून, फळीतून आरपार थेट टेबलात घुसले होते! तेवढ्यात चिमुरडीने विचारलं, "काका, काय शिकलात?" ताई, माझा जीव टांगणीला लागला. या प्रश्नावर यांची पाच प्रकरणं होतात. पण हे उकिडवे बसले, टेबलाच्या खालून बाहेर आलेली टोकं पाहिली आणि एवढंच म्हणाले, "ठोकण्याआधी खिळा लाकडाच्या कडेला लावून बघायचा." मग पक्कड मागितली, एकेक खिळा उपटला आणि आखूड खिळ्यांनी सगळं पुन्हा केलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तीन वर्षं यांचे अहवाल वाचून जे कळलं नाही, ते आज कळलं. वर्कशॉप कायम! मुलांनी शाळा डोक्यावर घेतली आणि मी भर समितीसमोर रडले. ताई, मला यांचा इतका अभिमान सातही ग्रंथांनी मिळून वाटला नव्हता. फलक आता दाराशी लावला आहे, जरासा तिरका.

गुडघ्यांना जपा. घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांगा.

तुमची,
सुतारबाई (शाळेत मला आता हेच म्हणतात)

ता. क. अध्यक्षीणबाईंची एक अट वर सांगायची राहिली. वर्षभर यांनी वर्कशॉपवर अवाक्षर बोलायचं नाही आणि लहान मुलांच्या गटात रीतसर नाव घालून रोज तासभर शिकायचं. यांनी आनंदाने मान्य केलं.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र त्यासाठीच. सोबत प्रवेशअर्ज आहे, त्यावर पालकाची सही हवी. मी वर्गशिक्षिका, माझी चालत नाही. यांना लहानाचं मोठं तुम्ही केलंत, तेव्हा उलटटपाली सही करून पाठवा. 'अर्जदाराला आधीपासून काय येतं?' या रकान्यात यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'खिळा उपटता येतो.' तेवढं मात्र खोडू नका.