सहा डब्यांची रांग

१ मार्च १९८१, रविवार
मुंबईच्या संस्थेत लाटांवर वीज काढायला माणसं घेतायत. माझ्या अर्जाला उत्तर आलं. १२ एप्रिलला साहेब प्रयोग बघायला येणार. शाळेला मनातल्या मनात राजीनामा दिला. कर्जतला समुद्र नाही, ही क्षुल्लक अडचण. पळसदरीचं धरण आहे.
डालड्याच्या डब्याला दोरी, दोरीला काठावर सायकलचा डायनामो. डबा लाटेवर नाचला की दिवा लागतो. एका डब्यावर एक लागला. म्हणजे सहावर सहा. साधा गुणाकार.
सुनीती म्हणाली, डब्यांत पापड होते. घरातून पाठिंबा शून्य.

८ मार्च
पाच डायनामो स्टाफरूममधून उसने. त्यांतला एक हेडमास्तरांचा. आठ दिवसांत परत करतो म्हटलंय.

१५ मार्च
डबे एकामागे एक, प्रार्थनेच्या रांगेसारखे. पी.टी. मीच घेतो. इतकी सरळ रांग तालुक्यात कोणाला जमत नाही. पहिला दिवा झक्क. दुसरा मिणमिणता. पुढे काळोख. डायनामो भिकार आहेत. हेडमास्तरांचा सर्वांत.

२२ मार्च
हेडमास्तरांचा पहिल्या डब्याला लावला. झक्क. म्हणजे दोष वाऱ्याचा.
धरणाखाली सखाचं शेत आहे. तो बघत बसला होता. म्हणाला, मास्तर, वरल्या खाचरानं पानी पिऊन टाकलं तर खालचं सुकं ऱ्हातं. म्होरला डबा लाट खातो, मागल्यांना काय उरतंय? त्याला सांगितलं, भात वेगळं आणि भौतिकशास्त्र वेगळं.

२९ मार्च
डबे आणखी जवळ बांधले. दोऱ्या गुंतल्या. दोन डबे बुडाले. सुनीतीला सांगितलेलं नाही. दिव्याविना सायकल चालवताना हेडमास्तरांना पोलिसाने धरलं. ते माझ्याशी बोलत नाहीत.
खरं सांगायचं तर रडू येतं. पंधरा वर्षं मुलांना लाट शिकवतोय आणि लाट माझं ऐकत नाही.

५ एप्रिल
आणखी दोन डबे रिकामे केले. सगळे तिरके, लांब लांब, एकमेकांच्या आड येणार नाहीत असे मांडले. सहाही दिवे लागले! कल्पना पूर्णपणे माझी. सखा शेजारी उभा होता, हा योगायोग.

१२ एप्रिल
साहेब आले. दिवे लागले. अशी मांडणी का, असं त्यांनी विचारलं. फळ्याशिवाय मला समजावता येत नाही, हे आजच कळलं. सखा मधेच खाचराचं बोलला. साहेबांनी वही काढली. माझ्या वेळी काढली नव्हती. तरी निवड नक्की.

२ जुलै
पत्र आलं. चार दिवसांसाठी सखाला बोलावलंय. कागद वाचून दाखवायला मी सोबत आलो तरी चालेल.
सखा म्हणतो, लावणी हाय मास्तर, हात कमी हायत. नाय जमायचं.

५ जुलै
लवकर उरकली तर जाऊ, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. सकाळपासून त्याच्या खाचरात वाकलोय. कंबर गेली. उद्याची रजा हेडमास्तरांकडे मागायची आहे. त्यांचा डायनामो अजून माझ्याकडेच.
दुपारपर्यंत अर्धं खाचर एकट्याने लावलं. सखा बघून म्हणाला, लय दाट लावलीत मास्तर, येक रोप दुसऱ्याचं खाईल.
सगळी उपटून पुन्हा लावतोय.