सुदामचा हात

प्रिय साखरा,

तुझी नात ऋतुजा कॉलेजात मानसशास्त्र शिकते, हे तुला माहीतच आहे. तिने लातूरहून मला एक ऑनलाइन चाचणी पाठवली. पडद्यावर वाक्यं येतात. खऱ्याला उजवं बटण, खोट्याला डावं, झटपट दाबायचं. 'मी खुर्चीवर बसले आहे' असली साधी वाक्यं. त्यांतच आपली एक आठवण दोन तऱ्हांनी मिसळतात. एका फेरीत एक तऱ्हा खऱ्याच्या बटणावर, दुसऱ्या फेरीत दुसरी. जे खरंच घडलं, तिथे म्हणे बोट लवकर जातं.

मी म्हटलं, नांदेडात तीस वर्षं मी परीक्षा घेतल्या, तू माझी काय घेतेस? तर म्हणाली, "आज्जी, भेव वाटायलंय का?" मग मी मुद्दाम बिनशंकेची आठवण दिली. माहूरच्या पायऱ्यांवर आपल्या धाकट्या भावाचा, सुदामचा हात तू सोडलास. दुसरी तऱ्हा, मी सोडला.

'साखरानं सोडला' खऱ्याच्या बटणावर आलं की बोट अडायचं. 'मी सोडला'ला सरसर. चष्मा पुसला, नेटला नावं ठेवली, तीनदा केलं. तेच. ऋतुजा म्हणाली, ही चाचणी चुकतेही, मनावर घेऊ नको.

यंत्राचं मी ऐकलंही नसतं. पण चौथ्यांदा बसले आणि तांबूल आठवला. आपण दर्शन करून उतरत होतो, कुणीतरी देवीचा तांबूल वाटत होतं. प्रसाद एका हाताने घ्यायचा नाही, ही आपल्या घरची शिस्त. मी ओंजळ पुढे केली. सुदाम माझ्याकडे होता, साखरा. तू पुढे आईपाशी होतीस. तो गडगडत खाली गेला. आप्पांनी विचारलं, कुणी सोडला? तांबुलाची मूठ पाठीमागे धरून मी तुझं नाव सांगितलं. सात वर्षांची तू, मार खाल्लास. पुढे घरात ते इतक्यांदा बोललं गेलं की तूही खरं मानलंस. मीही.

काल कंधारला जाऊन सुदामला सांगितलं. "अक्का, आता सांगून पाय सरळ व्हनार हाय का?" म्हणाला, आणि लंगडत चहा ठेवायला गेला.

मंगळवारी माहूरला तुझ्या सुदर्शनच्या बाळाचं जावळ आहे. 'माझ्या हातात लेकरू नको, मी घरीच राहते,' असं तू सुनेला सांगितलंस म्हणे. म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. तू ये. पायऱ्या उतरताना बाळ तुझ्याच कडेवर असेल. तांबूल मी एका हाताने घेईन. दुसऱ्या हाताने तुला धरीन.

तुझीच,
अक्का