आधी शिवा, मग भिजवा

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना लांबूनच नमस्कार. (जवळून करत नाही, कारण आत्ता माझ्या हातात कात्री आहे.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमच्या घशाची चौकशी करत नाही. तुमचा आवाज अजून दुकानभर घुमतो आहे.

विश्रांतीला म्हणून आलात आणि आमच्या पडद्यांच्या दुकानात गणिताचा वर्ग भरवलात, तेही मी चालवून घेतलं. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, फळा दिसला नाही की जीव कासावीस होणारच. माझ्याच खडूने तुम्ही कापायच्या टेबलावर लिहिलंत, की बेरजेत आणि गुणाकारात कुठलीही संख्या आधी घ्या, उत्तर तेच. झालं! आमचे हे असे खूश झाले, की जणू लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांची बाजू घेतली होती. (मी दिवसभर ‘आधी हे करा, मग ते करा’ म्हणत असते ना!) वजाबाकीला आणि भागाकाराला हा नियम चालत नाही, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगणार होता, पण दुसऱ्या दिवशी तुमची गाडी होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खाटांमधले पांढरे सुती पडदे शिवायला दिले. हे नीट झाले, तर नव्या मजल्याचं सगळं काम आम्हाला, असं कबूल केलं. आता सुती कापड आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मग कापायचं, हे आमच्या शिलाई मशीनलासुद्धा ठाऊक आहे. पण मी दोऱ्याची रिळं आणायला बाजारात गेले आणि ह्यांनी आधी शिवलं, मग भिजवलं. दोन्ही करायचंच आहे, मग कुठलंही आधी! पडदे आटून गुडघ्यापर्यंत आले. एका आजोबांना शेजारच्या खाटेखालचं भांडं दिसू लागलं आणि त्यांनी जेवण सोडलं.

मग ह्यांनी प्रत्येक पडद्याला खालून पट्टी जोडली. पट्टीचा रंग पिवळट! बाई म्हणाल्या, “ही झालर आधी काढा.” हे म्हणाले, त्यात काय, जेवढं मिळवलं तेवढं वजा केलं की मूळचं परत मिळतं. (गाडीत चढता चढता सांगायला तुम्हाला नेमकं हेच सुचलं!) आणि पट्टीएवढंच कापड बरोब्बर मोजून वरून कापलं, कड्यांसकट. कुठूनही कापा, लांबी तीच उरते, असं वर मलाच ऐकवलं. लांबी तीच आहे, मामा. पडदे टांगायचे कशाने, तेवढं सांगा.

सोमवारी नवे पडदे लागले नाहीत, तर नव्या मजल्याचं काम गेलं. मला रडू येतंय आणि रडायला सवड नाही.

तुमची वैतागलेली भाची

ता. क. – पत्राचं खरं कारण हे. काहीतरी सबब काढून ह्यांना आठ दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. राहिलेली वजाबाकी शिकवा. दुकानातून हे वजा झाले, तर मी एकटी सोमवारपर्यंत काम उरकेन. मी सुचवलं हे मात्र बोलू नका.

ता. क. – मामा, नमस्कार. मी तुमचा भाचजावई. हिने पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीटही मलाच चिकटवायला सांगितलं. आधी चिकटवून मग दिलं असतं, तर मला वाचता आलं नसतं. तेव्हा क्रमाचं महत्त्व मला पुरतं पटलं आहे. ही लिहीत बसली होती तेवढ्यात पडद्यांचं नवं कापड मीच भिजत घातलं, कापणार मग. बादली एकच होती, म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं हिरवं अस्तरही त्यातच टाकलं. बेरजेत कोणालाही कोणाबरोबर कंसात घाला, फरक पडत नाही, असंच म्हणाला होतात ना? उत्तर जरा लवकर कळवा. पाणी मघापासून हिरवं दिसतंय.