तळघरातली खोली दादाला

मी, शिवणकामावर पोट भरलेली, नवऱ्यामागे एकटी राहिलेली, फुप्फुसांनी थकलेली पण डोक्याने ठणठणीत बाई, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. लिहायला कुणी दबाव आणलेला नाही. लिहू नको म्हणून मात्र आणला. तो मी मानला नाही.

१. माझी शिलाई यंत्रं, कात्र्या आणि शाळांच्या गणवेशांचं गिऱ्हाईक काजं-बटणं करणाऱ्या माझ्या जोडीदारणीला द्यावं. जीभ तिखट आहे तिची, पण हात सरळ आहे.

२. हे दुमजली घर तळघरासह माझ्या मालकीचं आहे. पूर्वी ते थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं होतं. नवरा गेल्यावर मी कडेवर मुलगी घेऊन आले, तेव्हा दादाने तळघर दिलं. भिंत बारा महिने ओली. पांघरूणसुद्धा वाळत नसे. मुलीला दमा जडला. तिची छाती वाजायची म्हणून दादा तिला लाडाने 'शिट्टी' म्हणायचा. ती हसायची. हसली की जास्त वाजायची.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, औषधाआधी खोली बदला."

"औषध चिठ्ठीवर मिळतं, डॉक्टर. खोली कुठल्या दुकानात मिळते?"

तरी वर गेले. म्हटलं, "दादा, मागची खोली रिकामीच आहे. पोरीला तिथे निजू दे."

वहिनी म्हणाली, "रिकामी कुठेय? पाहुण्यांच्या गाद्या आहेत तिथे."

दादा म्हणाला, "थंडी सरू दे, बघू."

थंडीआधी मुलगी सरली. मोठ्या इस्पितळाने दाखल करण्याआधी अनामत मागितली होती. दादा म्हणाला होता, "उद्या बँक उघडू दे." तिला पोचवायला आलेले पाहुणे त्याच गाद्यांवर झोपले.

३. पुढे वहिनी गेली आणि दादाचं हृदय बिघडलं. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून त्याच्या मुलाने फोन उचलणं सोडलं. बँक उघडी होती, पण म्हाताऱ्याला कर्ज देईना. तोवर माझा धंदा उभा राहिला होता. मी खर्च भरला आणि घराचं खरेदीखत त्याच्या खाटेवरच करून घेतलं. हृदय त्याचं दुरुस्त झालं, घर माझं झालं. दोघांनीही आभार मानले नाहीत.

४. माझ्यामागे वरचे दोन्ही मजले दम्याची मुलं असलेल्या, ओलीत राहणाऱ्या कुटुंबांना बिनभाड्याने द्यावेत. निवड दवाखान्यातल्या परिचारिकेने करावी. तिला खोटं रडणं ओळखता येतं.

५. दादा सध्या मागच्या खोलीत निजतो. मी गेल्यावर त्याला तळघर तहहयात द्यावं. त्याला उपाशी ठेवू नये. मी राक्षसीण नाही. मात्र तो आहे तोवर त्या भिंतीला गिलावा करू नये. एक रात्र जरी तो वर निजला, तरी राहण्याचा हक्क संपला. डोक्यावर पोरं धावतात ही तक्रार ऐकून घेऊ नये.

६. भाच्याला गाद्या द्याव्यात. तो फोन उचलणार नाही. दारात टाकून याव्यात.

७. आता माझ्या आजाराविषयी. तेच डॉक्टर म्हणाले, "घर विका. नीट उपचार झाले तर बरीच वर्षं काढाल." हे दादाच्या कानावर गेलं. तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला.

"विक गं. मी वृद्धाश्रमात जातो, कुठेही जातो. तू जग."

तो मनापासून बोलत होता. खोटं बोलताना तो डोळ्याला डोळा देतो. या वेळी नजर जमिनीला होती.

मी म्हटलं, "घर विकलं तर तू सुटशील, दादा."

तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी कूस बदलली. मी उपचार नाकारले आहेत. या बाबतीत कुणी माझी समजूत घालायला येऊ नये.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: शिवणवाली

साक्षीदार: काजं-बटणं करणारी (तिला वाचून ऐकवलं, दोनदा)
साक्षीदार: परिचारिका

डॉक्टरांचा दाखला: बाईंना मी आज तपासलं. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. नसत्या तर मला बरं वाटलं असतं.